नॉर्थ मेलबर्न वर कधी येणार? फुटीतल्या ‘रिबिल्ड’चं गणित

१३० सामने, २० विजय. २०२० ते २०२५ या सहा हंगामांत नॉर्थ मेलबर्नच्या पुरुष संघाची ही कमाई. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, संघ अठरा आहेत आणि या सहा वर्षांतले नॉर्थचे क्रमांक ओळीनं असे: १७, १८, १८, १७, १७, १६. शेवटचा १६ लिहिताना जरा बरं वाटलं, यावरून आमची अवस्था ओळखा.

‘आमची’ म्हणतोय, कारण मी नॉर्थवाला. मेलबर्नमध्ये नव्या माणसाला नाव-गाव विचारून झालं की ‘कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्न येतोच, आणि ‘अजून ठरवलं नाही’ हे उत्तर इथं कोणी ऐकून घेत नाही. माझं पहिलं भाड्याचं घर फ्लेमिंग्टनला होतं आणि क्लबचं आर्डन स्ट्रीटचं मैदान तिथून जवळ. एवढंच कारण. त्यानंतर संघ बदलता येत नाही. तो इथं अधर्म मानतात.

इथं नव्यानं आलेली मराठी मंडळी मला हटकून एक प्रश्न विचारतात. तळाच्या संघाला दरवर्षी देशातली सर्वांत गुणी पोरं आधी मिळतात, तर मग नॉर्थ वर का येत नाही? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः बरीच वर्षं ‘अजून दोन हंगाम थांबा’ असं म्हणत आलोय. पण त्याचं खरं उत्तर नशिबात नाही, लीगच्या नियमांत आणि क्लबनं ते नियम कसे वापरले यात आहे.

आधी खेळ, अगदी थोडक्यात. मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. उन्हाळ्यात जिथं बॉक्सिंग डे कसोटी होते त्याच एमसीजीवर हिवाळ्यात फुटी, म्हणजे हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. एका बाजूला अठरा खेळाडू, चार क्वार्टर, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला की एक. चेंडू हातात धरून पळता येतं, पण फेकता येत नाही. मुठीनं ठोसून द्यावा लागतो. लाथाडलेला लांबचा चेंडू हवेत स्वच्छ झेलला तर थांबून निवांत लाथ मारायचा हक्क मिळतो. म्हणून गोलपाशी उंच, ताकदवान माणसं लागतात, त्यांना रोखायला तशीच उंच माणसं लागतात आणि मध्ये दिवसभर पळणारी फौज लागते. उंच माणसं तयार व्हायला जास्त वर्षं लागतात. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लीगचे नियम. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या विभागात ढकलले जातात. इथं तसं काही नाही. शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये, त्याच अठरांत. शिवाय पैसे टाकून दुसऱ्याचा खेळाडू विकत घेता येत नाही. सगळ्या क्लबांना पगाराची मर्यादा सारखीच, आणि त्या मर्यादेच्या खाली फार कमी खर्च करायचीही परवानगी नाही. खेळाडू मिळवायच्या मुख्य वाटा तीन: ड्राफ्ट, अदलाबदल आणि करार संपलेला मोकळा खेळाडू.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना ड्राफ्ट जरा अजब वाटेल. तिथं पैसा बोलतो, इथं क्रम बोलतो. दर नोव्हेंबरात अठरा वर्षांची मुलं निवडली जातात. लॅडरवर, म्हणजे गुणतक्त्यात, शेवटी आलेला संघ पहिला नाव पुकारतो, सतरावा दुसरा, आणि असं करत विजेता सर्वांत शेवटी. मुलाला पसंती विचारत नाहीत. पर्थच्या मुलाला मेलबर्नच्या क्लबनं घेतलं तर त्यानं बॅग भरायची. पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो आणि तो संपत आला की क्लबच्या छातीत धडधड सुरू होते, कारण मुलाला घरची ओढ असते आणि घरच्या शहरातल्या क्लबलाही ते ठाऊक असतं.

या क्रमाची एक गंमत नॉर्थवाल्यांनी २०२३ मध्ये अनुभवली. त्या हंगामात आम्ही पहिले दोन सामने जिंकलो. मग सलग वीस हरलो. तळाला आम्ही आणि वेस्ट कोस्ट. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये हार्ली रीड नावाच्या मुलाची एवढी चर्चा होती की, पहिला क्रमांक म्हणजे हार्ली रीड असं सगळे धरून चालले होते. शेवटचा सामना होबार्टला, गोल्ड कोस्टविरुद्ध. हरलो असतो तर अठरावे आलो असतो आणि रीड आमचा झाला असता. आम्ही जिंकलो! विजय दोघांचे तीन-तीन झाले, पण गुणांच्या टक्केवारीत वेस्ट कोस्ट खाली गेले आणि रीडला घेऊन गेले. त्या संध्याकाळी आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, हे ठरवताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली. माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे: वीस पराभवांनंतर खेळाडू जिंकायला उतरले आणि जिंकले, हे कुठल्याही एका मुलापेक्षा मोलाचं. मुद्दाम हरायची सवय लागलेल्या संघाचं काय होतं ते मेलबर्न डेमन्सकडून शिकावं. त्यांच्यावर २००९ च्या हंगामात मुद्दाम हरल्याचा संशय आला. चौकशीत तसा ठपका सिद्ध झाला नाही, पण त्या प्रकरणातल्या वर्तनाबद्दल २०१३ मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड झाला. २००८ ला पहिली निवड त्यांची, २००९ ला पहिली आणि दुसरी दोन्ही त्यांच्याच. तरी २०१८ पर्यंत फायनल्सचं, म्हणजे वरच्या संघांच्या हंगामाअखेरच्या बाद फेरीचं, तोंड दिसलं नाही.

मग वरच्या निवडींनी संघ उभा राहतो की नाही? कार्लटनला २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. मार्क मर्फी, ब्राइस गिब्स, मॅथ्यू क्रूझर. तिघेही चांगले निघाले, पण कार्लटनचं शेवटचं विजेतेपद आजही १९९५ चंच आहे. गोल्ड कोस्ट २०११ मध्ये लीगमध्ये आला, त्याला वरच्या निवडींची नुसती खैरात झाली, आणि पहिल्यांदा फायनल्स गाठायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात टॉम लिंच, स्टीव्हन मे, डायन प्रेस्टिया अशी माणसं तिथं तयार झाली आणि दुसरीकडे जाऊन विजेती झाली.

शिवाय ड्राफ्टच्या रांगेत मधूनच घुसायच्या अधिकृत वाटा आहेत. बापानं एखाद्या क्लबसाठी किमान शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधल्या चार क्लबांच्या स्वतःच्या अकादम्या आहेत, तिथं घडलेल्या मुलांवरही तसाच हक्क. दुसऱ्या क्लबनं त्या मुलाचं नाव पुकारलं की हक्कवाला क्लब आपल्या खालच्या निवडींचे गुण एकत्र करून त्याला उचलतो. ब्रिस्बेननं विल आणि लीवाय हे ॲशक्रॉफ्ट बंधू असेच मिळवले. वडील मार्कस ब्रिस्बेनच्या २००१ ते २००३ च्या तिन्ही विजेत्या संघांत होते. थोरल्या विलनं २०२४ आणि २०२५ अशा दोन्ही ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यांत, सामनावीराचं पदक नेलं. २०२१ मध्ये आमच्याकडे पहिली निवड होती, पण कॉलिंगवूडचा निक डेकॉस आणि बुलडॉग्सचा सॅम डार्सी हे दोघेही बापाच्या हक्कातले, म्हणजे त्यांच्याकडे नुसतं बघायचं. तळाच्या संघाला न्याय मिळावा म्हणून केलेली व्यवस्था आणि तिच्यातच एवढ्या खिडक्या! यावर मी तासभर भांडू शकतो, पण तूर्तास पुढे जाऊ.

नॉर्थचं दुखणं ड्राफ्टच्या आधी सुरू झालं. १८६९ मध्ये स्थापन झालेला, १९२५ मध्ये मोठ्या लीगमध्ये आलेला हा क्लब. विजेतेपदं चार: १९७५, १९७७, १९९६, १९९९. प्रशिक्षक ब्रॅड स्कॉटच्या हाताखाली २०१४ आणि २०१५ मध्ये संघ विजेतेपदापासून दोन सामने दूर होता. २०१६ ची सुरुवात सलग नऊ विजयांनी केली आणि मग गाडी अशी घसरली की जेमतेम आठवं स्थान मिळालं. हंगाम संपता संपता क्लबनं एकदम चार ज्येष्ठांना निरोप दिला: ब्रेंट हार्वे, ड्रू पेट्री, निक डाल सँटो, मायकेल फिरितो. यातल्या हार्वेच्या नावावर ४३२ सामने होते, लीगचा तेव्हाचा विक्रम. त्यानंतर आजवर फायनल्स नाहीत.

म्हातारा संघ मोडावा लागतो, यात वाद नाही. पण मोडल्यावर मधल्या वयाची माणसं कुठून आणायची याचं उत्तर क्लबकडे नव्हतं. उत्तर म्हणून मोठे मासे धरायचं ठरलं. २०१७ मध्ये डस्टिन मार्टिनसमोर घसघशीत प्रस्ताव ठेवला, तो रिचमंडलाच राहिला. त्याच वर्षी जॉश केलीनं नाही म्हटलं. २०१८ मध्ये अँड्र्यू गॅफनंही नाही म्हटलं. मग जॅरेड पोलेक, जॅस्पर पिटार्ड, ॲरन हॉल, डॉम टायसन अशा, दुसऱ्या क्लबांनी सोडायला हरकत न घेतलेल्या खेळाडूंवर भागवलं. २०१८ मध्ये बारा विजयांसह नववा क्रमांक आला आणि सगळ्यांना वाटलं, आपण फार खाली नाही. माझ्या मते तेच सर्वांत महागात पडलं. पुनर्बांधणी चाललीय हे मान्य न करता दोन वर्षं गेली.

२०२० मध्ये सतरापैकी तीन सामने जिंकल्यावर भानावर आलो आणि मग एका दमात अकरा खेळाडू कमी केले. शिवाय बेन ब्राउन मेलबर्न डेमन्सला आणि शॉन हिगिन्स जिलाँगला गेला. ब्राउननं तिथं लगेच २०२१ चं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक ऱ्हीस शॉ गेला, डेव्हिड नोबल आला, नोबल २०२२ च्या मध्यावर गेला, उरलेला हंगाम ली ॲडम्सनं सांभाळला. एवढे प्रशिक्षक बदलल्यावर पोरांनी शिकायचं कोणाकडून?

पुनर्बांधणीचं खरं गणित वयात असतं, आणि बहुतेक लोक तिथंच चुकतात. अठराव्या वर्षी आलेला मुलगा कितीही गुणी असला तरी पूर्ण भरात येतो साधारण चोविशीच्या पुढे. उंच बचावपटू आणि रकमन, म्हणजे उंच उडवलेल्या चेंडूवर झेपावणारा धिप्पाड गडी, यांना त्याहून उशीर लागतो. विजेता संघ हवा तर या भरातल्या वयाचे दहा-बारा जण एकाच वेळी हवेत. एका वर्षी पाच गुणी मुलं घेतली आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या रिकाम्या असल्या, तर ती पाच मुलं प्रत्येक सामन्यात मोठ्या माणसांकडून मार खात मोठी होतात. काही जण त्यातून कणखर होतात. काही जण घरी परत जायचं ठरवतात.

आमच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलानं तेच केलं. २०२१ चा जेसन हॉर्न-फ्रान्सिस, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. एका हंगामात संघ दोन सामने जिंकला, प्रशिक्षक गेला, आणि तो पोर्ट ॲडिलेडला परतला. चार क्लबांच्या त्या गुंत्यात नॉर्थनं तो मुलगा आणि त्या वर्षीची पहिली निवड असं दोन्ही दिलं, आणि इतर गोष्टींबरोबर दुसरी-तिसरी निवड घेतली. त्यातून हॅरी शीझेल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. शीझेलनं २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान तर मिळवलाच, पण पहिल्याच हंगामात नॉर्थचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सिड बार्कर पदकही घेतलं. अठरा वर्षांचा पोरगा क्लबात सर्वोत्तम! कौतुक मुलाचं खरंच, पण बाकीच्यांचं काय चाललं होतं, हा प्रश्न त्यातच आला.

आता माझा मुख्य आक्षेप. नॉर्थनं वरच्या निवडी बव्हंशी एकाच प्रकारच्या खेळाडूंवर खर्च केल्या. २०२० मध्ये विल फिलिप्स आणि टॉम पॉवेल, २०२१ मध्ये हॉर्न-फ्रान्सिस, २०२२ मध्ये शीझेल आणि वॉर्डलॉ, २०२३ मध्ये कोल्बी मॅकर्चर, २०२४ मध्ये फिन ओ’सलिव्हन. सगळे मध्यम उंचीचे, मधल्या फळीत किंवा तिच्या आसपास खेळणारे. त्याआधी २०१७ चा ल्यूक डेव्हिस-युनियाकही त्याच जातकुळीचा. प्रत्येक निवड सुटी पाहिली तर बरोबर वाटते, कारण त्या क्रमांकाला तोच सर्वांत गुणी मुलगा होता. एकत्र पाहिलं तर चेंडू मिळवणारे भरपूर आणि मागे गोल वाचवणारे मोजके. गेली काही वर्षं सर्वांत जास्त गुण खाणाऱ्या संघांत आमचं नाव आहे ते उगाच नाही.

बेन मॅकेचं प्रकरण याच संदर्भात बघा. उंच बचावपटू, पंचविशीचा, म्हणजे नेमका भरात येण्याच्या वयाचा. २०२३ च्या अखेरीस करार संपला आणि तो एसेंडनला गेला. मोकळा खेळाडू गेला की त्याच्या नव्या करारानुसार जुन्या क्लबला भरपाई म्हणून ड्राफ्टमधली जागा मिळते, आणि क्लब जितका खाली तितकी ती जागा वर. आम्हाला मिळाली तिसरी निवड! तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. ती निवड वापरून झेन डुर्स्मा आला. गोल्ड कोस्टनं मध्येच आपला अकादमीचा मुलगा उचलल्यामुळे प्रत्यक्षात चौथ्या क्रमांकावर. डुर्स्मा गुणी आहे, गोल करणारा आहे, पण मैदानावर जे घडलं ते असं की मागची एक उंच भिंत गेली आणि तिच्या जागी पुढे खेळणारा एक अठरा वर्षांचा मुलगा आला. कागदावर नफा, पाठीमागे खिंडार. त्याच ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकापासून पुढे टेलर गोड आणि विल डॉसन ही उंच मुलं घेतली, पण उंच मुलांना वेळ लागतो हे वर सांगितलंच आहे. मोठ्या बचावपटूंपैकी फ्रीमँटलहून आणलेल्या ग्रिफिन लोगचा गुडघा २०२३ मध्ये गेला. चार्ली कोंबेन मूळचा पुढचा खेळाडू, त्याला मागे आणून उभा केला. बरा जमला, पण ते ठिगळच.

ही चूक क्लबच्या लक्षात आली आणि मग उलट्या बाजूनं अतिरेक झाला. २०२४ च्या ड्राफ्टच्या रात्री मॅट व्हिटलॉक हा उंच मुलगा २७ व्या क्रमांकावर मिळावा म्हणून नॉर्थनं २०२५ ची आपली पहिल्या फेरीतली निवड रिचमंडला देऊन टाकली. क्लबला वाटत होतं, पुढच्या वर्षी आपण मधोमध असू, म्हणजे ती निवड फार मोलाची नसेल. आम्ही सोळावे आलो. मूळ क्रमानं ती तिसरी निवड होती. व्हिटलॉक उत्तम निघेलही, त्याच्यावर माझा राग नाही. पण बाजारात आपण किती वर आहोत याचा अंदाज स्वतःच्या आशेवरून बांधायचा नसतो.

दुसऱ्या क्लबांनी हे कसं केलं? हॉथॉर्नचं उदाहरण आम्हाला जास्त बोचतं, कारण आमचे प्रशिक्षक ॲलिस्टर क्लार्कसन तिथलेच. २००८, २०१३, २०१४, २०१५ अशी चार विजेतेपदं त्यांनी हॉथॉर्नला मिळवून दिली. २०२१ नंतर तिथं प्रशिक्षक म्हणून सॅम मिचेल आला. २०२२ च्या अखेरीस हॉथॉर्ननं टॉम मिचेल, जेगर ओ’मेरा आणि जॅक गन्स्टन यांना दुसरीकडे धाडलं आणि लोक म्हणाले, हे आता दहा वर्षं वर येत नाहीत. २०२३ मध्ये ते सोळावे. २०२४ मध्ये पहिले पाचही सामने हरले, तरी सातवे आले आणि फायनल्समध्ये एक सामना जिंकले. २०२५ मध्ये ग्रँड फायनलच्या आदल्या टप्प्यापर्यंत. त्यांच्याकडे आमच्याइतक्या वरच्या निवडी नव्हत्या. जॉश वेडल अठराव्या क्रमांकाचा, विल डे तेराव्या. बाकी मासिमो डॅम्ब्रोसिओ, जॅक गिनिव्हन, मॅबिओर चोल, कार्ल अमॉन अशी इतरत्र फारशी किंमत न राहिलेली किंवा सहज मिळणारी माणसं नेमक्या रिकाम्या जागांवर बसवली. आमच्या यादीत रिकाम्या जागा तशाच होत्या आणि भरलेल्या जागांवर अजून एक मधला खेळाडू येत होता.

ब्रिस्बेनही बघा. २०१७ मध्ये अठरावे, २०१९ मध्ये दुसरे, २०२४ आणि २०२५ मध्ये विजेते. मुलं त्यांच्याकडेही होती, पण ल्यूक हॉज निवृत्तीच्या वयात तिथं गेला आणि चार्ली कॅमेरन, लाकी नील असे भरातले खेळाडू अदलाबदलीत आले. जिलाँग तर तळाला जातच नाही. २०२२ मध्ये त्यांनी इतिहासातल्या सर्वांत वयस्क विजेत्या संघासह कप उचलला. तळ गाठणं हाच वर यायचा एकमेव रस्ता, हा समज त्यांनी खोटा पाडलाय.

आणि लांब कशाला जायचं, आमच्याच क्लबात एक संघ विजेता आहे. नॉर्थच्या महिला संघानं २०२४ आणि २०२५ ही दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि २०२५ चा हंगाम तर एकही सामना न हरता, न बरोबरी करता. तो संघ २०१९ मध्ये लीगमध्ये आला तेव्हाच एमा कर्नी, जास्मिन गार्नर, एमा किंग अशा तयार खेळाडू दुसऱ्या क्लबांतून आणल्या होत्या. पाया मोठ्या माणसांचा, त्यावर तरुण मुली. प्रशिक्षक डॅरन क्रॉकर, १९९६ च्या विजेत्या पुरुष संघातला. तेव्हा आर्डन स्ट्रीटला संघ बांधता येत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं.

पुरुष संघातही २०२४ च्या अखेरीस तोच विचार दिसला, उशिरा का होईना. सिडनीहून ल्यूक पार्कर, वेस्ट कोस्टहून जॅक डार्लिंग, बुलडॉग्सकडून केलेब डॅनियल. तिघांच्याही गळ्यात विजेतेपदाचं पदक: २०१२, २०१८, २०१६. टीकाकार म्हणाले, म्हातारे गोळा करताय. माझ्या मते हे तिघे चार वर्षं आधी यायला हवे होते. म्हणजे तेच नाही, त्यांच्यासारखे. २०२५ मध्ये पाच विजय आणि एक बरोबरी, हा त्यांचा थोडासा परिणाम. मोठा नाही, पण चौथ्या क्वार्टरमध्ये संघ कोसळायचा तो जरा कमी कोसळू लागला.

आता पुढचं. जमेच्या बाजूला बरंच आहे. शीझेल, वॉर्डलॉ, मॅकर्चर, डुर्स्मा, ओ’सलिव्हन हे सगळे २००४ ते २००६ मध्ये जन्मलेले, म्हणजे २०२८-२९ च्या सुमारास ऐन भरात. वॉर्डलॉला दुखापतींनी सोडलं तर. डेव्हिस-युनियाकनं इतर क्लबांकडे न जाता लांबचा करार केला, हा आमच्यासारख्या क्लबसाठी मोठाच दिलासा. प्रेक्षक कमी, शुक्रवार रात्रीचे मानाचे सामने कमी, अशा ठिकाणी नावाजलेला खेळाडू सहसा थांबत नाही. ट्रिस्टन झेरी लीगमधल्या उत्तम रकमनपैकी एक आहे आणि निक लार्कीनं २०२३ मध्ये तळाच्या संघातून ७१ गोल मारले.

अडचण अशी की झेरी, डेव्हिस-युनियाक आणि लार्की हे १९९८-९९ चे. मुलं भरात येतील तेव्हा लार्की तिशी ओलांडलेला असेल. दोन्ही पिढ्या एकत्र जोरात असण्याचा काळ जेमतेम दोन-तीन हंगामांचा आहे आणि तो सुरू होतोय. म्हणून ‘अजून मुलं घेऊ, अजून थांबू’ हा सल्ला मला आता पटत नाही. शिवाय २०२८ मध्ये टास्मानिया डेव्हिल्स हा एकोणिसावा संघ येणार आहे. नव्या संघाला ड्राफ्टमधल्या वरच्या जागा द्याव्या लागतात, गोल्ड कोस्टच्या वेळी दिल्याच होत्या. म्हणजे त्या सुमारास तळाला राहून मिळणारं बक्षीसच आटेल. टास्मानियातल्या होबार्टला २०१२ पासून आम्ही ‘घरचे’ सामने खेळत होतो, तेही आता त्यांचं होणार. त्याऐवजी पश्चिम ऑस्ट्रेलियात सामने न्यायला सुरुवात झाली आहे. २००७ मध्ये लीगनं गोल्ड कोस्टला जायचा प्रस्ताव दिला होता तो क्लबनं नाकारला, आणि लहान क्लब म्हणून मेलबर्नमध्येच राहायची किंमत अशी सामने विकून फेडावी लागते. मला ती किंमत मान्य आहे.

क्लार्कसनचा पाच वर्षांचा करार २०२७ पर्यंतचा. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच विस्कटलेली होती. पहिल्याच हंगामात मे २०२३ मध्ये ते प्रकृतीसाठी रजेवर गेले आणि काही काळ ब्रेट रॅटननं संघ सांभाळला. त्यामुळे त्यांना तेवढी सवलत द्यावी, पण २०२६ च्या अखेरीस ती संपते. त्यातच २०२६ पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना फायनल्सआधी एक जादा फेरी मिळणार, म्हणजे दार थोडं रुंद झालंय.

माझा अंदाज: २०२६ मध्ये आठ-नऊ विजय, तेराव्या-चौदाव्या क्रमांकाच्या आसपास. २०२७ मध्ये दहाच्या आत. यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो सदस्यत्व विकतोय असं समजा. विजेतेपदाबद्दल या दशकात मी बोलणार नाही.

मात्र हा अंदाज एका अटीवर. पुढच्या अदलाबदलीत चोवीस ते सत्तावीस वयाचा एक खरा उंच बचावपटू आणायचा, त्यासाठी एखादा गुणी मधला खेळाडू द्यावा लागला तरी द्यायचा. पगाराच्या मर्यादेत आपल्याकडे जागा आहे, तळाच्या क्लबकडे ती असतेच. मी हे म्हटलं की आमच्या कंपूत लगेच विचारतात, मग कोणाला देणार, पॉवेलला की आणखी कोणाला? आणि तिथून पुढे रात्रीचे बारा वाजतात.